ते चालणं तू ओळखलंस

बेलें, ग्वामा
जूनअखेर

प्रिय ओदेतताई,

तुझी नाईरा शुक्रवारच्या बोटीने तुझ्याकडे निघतेय. झोपायची झोळी टांगायला वरच्या मजल्यावर, इंजिनापासून लांबची जागा मिळावी म्हणून जेनिवाल स्वतः धक्क्यावर जाऊन बोटवाल्याशी बोलून आला. परीक्षा बरी गेली म्हणते. हाडांची नावं पाठ करताना ती स्वयंपाकघरात यायची आणि माझ्याच दंडा-मनगटावर बोट ठेवून घोकायची, त्यामुळे आता मलाही माझ्या हातात काय काय आहे ते ठाऊक झालंय. पोरगी वाळली नाहीये, काळजी करू नकोस. तळलेला मासा आणि असाईच्या फळांचा गर रोज वाडगाभर खाते, वर मँडिओक कंदाचं पीठ माझ्या ताटातलं उचलते. तुझ्या आईची तब्येत कशी आहे? पायांची सूज उतरली का? तिला माझा नमस्कार सांग. ती तो घेईल न घेईल, पण तू सांग.

हे पत्र नाईराच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून आजच्या बोटीवरच्या स्वयंपाकिणीकडे देतेय. ती जेनिवालच्या ओळखीची आहे. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, असं बजावलंय. तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, फोन करायचा होतास. अगं, तू व्हॉइस मेसेज शाळेच्या व्हॅनमध्ये, गाडी चालवताना मोठ्याने लावतेस! मागे मी तुला मूळव्याधीवर काय करू म्हणून विचारलं, तर उत्तरात तुझ्या आवाजामागून शाळेची सगळी पोरं ओरडत होती, ‘काकी, गार पाण्यात बसा!’ हा विषय मला तुमच्या सांतारें गावातल्या शाळेत पोचवायचा नाही. शिवाय काही गोष्टी तोंडाने बोलायला घेतल्या की मी हसण्यावारी नेते. कागदावर तसं करता येत नाही.

चार वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि मी तुझे आभार एकदाही नीट मानले नाहीत. तुला केक पाठवला, नाईराला शिकायला इथे ठेवून घेतलं, तुझ्या आईच्या औषधासाठी दुकानं पालथी घातली, पण तोंडाने ‘ओदेतताई, तू मला वाचवलंस’ एवढं म्हणाले नाही. आपल्या दोघींचं नातं असं विचित्र. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, आपण एक ना एक दिवस फाटकाशी झिंज्या उपटणार. तेव्हा तू इथे बेलेंमध्येच होतीस; रविवारी नाईराला सोडायला यायचीस, व्हॅनचं इंजिन बंदसुद्धा करायची नाहीस, आणि मी पडद्याआडून बघायचे. नवऱ्याची पहिली बायको. दोन वर्षांत ‘सुप्रभात’च्या पुढे आपली गाडी गेली नव्हती.

त्या वर्षी जुलैच्या सुट्टीत जेनिवाल मला मोस्केइरोच्या किनाऱ्यावर नेणार होता. लग्नानंतरची आमची पहिली सुट्टी. मी नवी बिकिनी आणली, हिरवी, दोन्ही बाजूंना गाठी असलेली. घालून त्याला दाखवली. तो पलंगावर लोळत होता. बघून हसला आणि म्हणाला, ‘छान दिसतेयस. फक्त मांड्यांच्या आत बल्ब लावायला लागेल, तिथे रात्र झालीये.’ एवढंच. त्यात विष नव्हतं, ताई. तो लगेच उठून भात वाढून घ्यायला गेला आणि विसरूनही गेला. मी मात्र आरशासमोर पाय फाकवून उभी राहिले. चौतीस वर्षं जे माझ्याबरोबर होतं आणि ज्याच्याकडे मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं, ते मला त्या दिवशी घाण वाटायला लागलं.

वॅक्सिंगला मी केलीच्या पार्लरमध्ये जायचे. केली गोड बोलायची. टेबलावर मी तशी पडलेली असताना ती म्हणाली, ‘जुसारा, राणी, जांघेत किती काळं पडलंय गं. लाज कसली त्यात, सगळ्याच बायका करून घेतात आता. मेलेली कातडी निघते, खालची गुलाबी वर येते.’ त्या अवस्थेत माणूस वाद घालत नाही. तिने कसलंसं ॲसिड लावलं, पंख्याने वारा घातला, ‘चुरचुरलं म्हणजे काम करतंय’ म्हणाली. घरी लावायला बिनलेबलाची पांढरी डबी दिली. ‘नैसर्गिक आहे सगळं, माझी बहीण गरोदरपणातसुद्धा लावायची.’ मी विचारलं नाही की डबीत आहे काय. चपलांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला प्रत्येक चप्पल उलटी करून दाखवते, तळ कशाचा, शिवण कुठली. स्वतःच्या अंगाला काय लावतेय ते मात्र विचारलं नाही.

आणि ते खरंच उजळलं. तेच तर वाईट झालं. पहिले काही दिवस मी न्हाणीघरात गाणी म्हणायचे. मोस्केइरोला जाऊन आलो, जेनिवालचं लक्षही गेलं नाही, पण मी वाळूवर राणीसारखी बसले होते. मग वाटलं, अजून थोडं. पुढे सरकत सरकत मी डबी जिथे लावू नये तिथपर्यंत लावायला लागले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. खाली लाल रेषा दिसायला लागल्या. घाबरून मी एकदम बंद केलं, तर भडकाच उडाला. चिरा पडल्या, लस यायला लागली, लघवीला बसले की डोळ्यांतून पाणी. आणि कडेने पहिल्यापेक्षा जास्त काळं. मी पुन्हा केलीकडे गेले, तर म्हणाली, ‘तू नीट धुतलं नसशील.’ मग मला वाटलं, खरंच आपलंच चुकलं. पुन्हा डबी सुरू केली, कारण ती लावली की आग थांबायची. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं. मी एका गुडघ्यावर बसायला लागले, मग नुसती वाकायला लागले. मालक म्हणाला, ‘जुसारा, तुला राजघराण्यातून मागणी आलीय का? खाली बसत नाहीस.’ मी हसले. जेनिवालला सांगितलं, कंबर धरलीये. तो बिचारा हातात बाम घेऊन यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

त्या दुपारी मी बसथांब्याकडे चालले होते. तुझी व्हॅन माझ्या शेजारून पुढे गेली, थांबली आणि उलटी आली. पोरं सोडून झाली होती, आत कुणी नव्हतं. तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, ‘चढ.’ मी म्हणाले, ‘नको, बस येईल.’ तू म्हणालीस, ‘बसमध्ये तुला बसता येणार आहे का?’ माझा चेहराच उतरला. मी म्हणाले, कंबर दुखते. तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला वाटलं आता ही मोठ्याने हसणार. पण तू हळू म्हणालीस, ‘जुसारा, कंबर दुखणारी बाई वाकून चालते. पाय लांब ठेवून, पावलं मोजत चालत नाही. हे चालणं मला माहीत आहे. किती दिवस लावतेयस?’

ताई, त्या क्षणी मला तुझा किती राग आला होता म्हणून सांगू. जगात दुसरं कुणी नव्हतं का ओळखायला? पण मी चढले. मागच्या बाकावर पोरांनी सांडलेल्या बिस्किटांच्या चुऱ्यावर आडवी झाले आणि रडले. तू गाडी सरळ सरकारी दवाखान्याकडे घेतलीस आणि रांगेत माझ्याजवळ उभी राहिलीस. रांगेत आपल्या गल्लीतली वाल्दिरा होती, तिचे डोळे बशीएवढे झाले. तिने विचारलं, ‘तुम्ही दोघी? बरोबर?’ तू म्हणालीस, ‘एकच नवरा सोसलाय, रोग सारखाच असणार.’ अख्खी रांग हसली आणि पुढचे प्रश्न तिथेच संपले. रडता रडता मीही हसले. तेव्हापासून तू मला आवडायला लागलीस.

डॉक्टर नील्झांनी तपासलं तेव्हा मी छताकडे बघत होते. वाटलं, ओरडतील. त्यांनी हातमोजे काढले, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, ‘आधी हे ऐक. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा गडद असते. माझी आहे, तुझी आहे, या रांगेतल्या बहुतेक सगळ्यांची आहे. वयात येताना होते, बाळंतपणात वाढते, घासून वाढते. तो मळ नाही आणि आजारही नाही.’ मग म्हणाल्या, ‘ती कातडी पातळ, सदा झाकलेली, घामेजलेली. हातावर लावलेल्या औषधापेक्षा तिथे लावलेलं कितीतरी जास्त आत मुरतं. तुझ्या डबीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, पण खुणा बघून सांगते, जहाल स्टेरॉइड आहे आणि बहुतेक रंग घालवणारं औषध. म्हणून लावलं की बरं वाटतं आणि सोडलं की पेटतं.’ मी विचारलं, मग हे सगळंच खोटं का? कुणालाच चालत नाही? त्या म्हणाल्या, ‘कातडीचे डॉक्टर तपासून, सौम्य औषध, बाहेरच्या भागापुरतं, थोडे दिवस देतात कधी कधी. त्यानेही आग होऊ शकते आणि रंग पुष्कळदा परत येतो. आतल्या नाजूक भागाला कुणीच काही लावू नये. गरोदर असताना तर नाहीच. सुरक्षित आहे असं कुणी म्हणालं तर विचारायचं, यात काय आहे, कुठपर्यंत लावायचं, कधी थांबायचं आणि बिघडलं तर बघणार कोण. याची उत्तरं नसतील तर टेबलावरून उठायचं.’ आणि मग मला म्हणाल्या, ‘तुझं बरं होईल. थोडे दिवस वाईट जातील, पण बरं होईल.’ हे वाक्य ऐकायला मी किती दिवस आसुसले होते ते मला तेव्हा कळलं.

परतीच्या वाटेवर तू मला तुझं सांगितलंस. रस्त्यावरची नजर न काढता, गियर बदलत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेयस. नाईराच्या वेळी तुझं अंग काळवंडलं, जेनिवाल असाच काहीतरी बोलला, बाजारातल्या एका बाईने तुला कागदात गुंडाळून मलम दिलं. तू ते दोन वर्षं लावलंस. तुला रांगेत उभं राहायला कुणी नव्हतं. कातडी फाटली, भरली, पुन्हा फाटली आणि शेवटी पांढरे चट्टे पडले, ते तसेच राहिले. तू म्हणालीस, ‘मी त्याला हात लावू देईना. सांगायची लाज वाटायची. त्याला वाटलं, माझं दुसरीकडे कुठेतरी आहे. त्याने विचारलं, मी चिडले. तो ओरडला, मी त्याचे कपडे फाटकाबाहेर टाकले. संपलं.’ मग म्हणालीस, ‘तू तर खूप नंतर आलीस. तूच माझं घर मोडलंस असं लोक बोलतात ते मला माहीत होतं. मी कधी खोडून काढलं नाही, कारण मग खरं काय ते सांगावं लागलं असतं.’  तुझ्या खडखडणाऱ्या त्या व्हॅनमध्ये मी नुसता तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तू म्हणालीस, ‘हात काढ, वळण आहे.’

आणि पुढच्या रविवारी तू पहिल्यांदा इंजिन बंद केलंस. नाईरा कोपऱ्यावर असाई आणायला गेली होती. तू जेनिवालला फाटकाशी बोलावलंस. मी खिडकीत होते, तुला दिसत होते. तू म्हणालीस, ‘तुझी बायको आजारी आहे. कंबर नाही. आत जा आणि विचार, आणि ती सांगेल तेव्हा तोंड बंद ठेवून ऐक.’ त्याने मला विचारलं, मी सांगितलं. तो पांढराफटक पडला. पुन्हा फाटकाशी धावत गेला. तू अजून तिथेच उभी होतीस. तो म्हणाला, ‘ओदेत, देवाशपथ, मी गंमत केली होती गं.’ तू म्हणालीस, ‘माझ्याशीही गंमतच केली होतीस.’ त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो फाटकाच्या गजाला धरून खाली बसला. बोटींची इंजिनं उचलणारा माणूस, पण उठवेना त्याला. तू त्याला शिव्या घातल्या नाहीस. ‘ऊठ, पोरगी येतेय’ एवढंच म्हणालीस.

तो वाईट नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. त्या महिन्यात मला पलंगावरून उतरू दिलं नाही त्याने. माझे सुती कपडे स्वतः उकळत्या पाण्यात धुऊन वाळत घालायचा, गल्ली बघत असली तरी. डबी नदीत टाकायला निघाला होता, मी म्हणाले, माशांनी काय पाप केलंय, ती डॉक्टरांना दे. अजूनही थट्टा करतो, गप्प बसणं त्याच्या अंगात नाही, पण आता थट्टा स्वतःच्या पोटाची असते. एकदा झोपताना, अंधारात नव्हे, दिवा चालू असताना म्हणाला, ‘ओदेतने कपडे टाकले तेव्हा मी तिला काय काय म्हणालो होतो, फाटकात उभा राहून.’ मी म्हणाले, तिला सांग. तो म्हणाला, ‘मला जमणार नाही, जुसारा.’ म्हणून मी सांगतेय. त्याला लाज वाटते, ताई. ती खरी आहे.

माझं अंग बरं झालं. पहिल्यासारखं काळं आहे, एका कडेला थोडा डाग राहिलाय. मी दुकानात उकिडवी बसते, उठते. ती हिरवी बिकिनी घालून घालून मागच्या वर्षी फाटली. साध्या साध्या गोष्टी आहेत या, पण प्रत्येक वेळी वाकून चप्पल उचलताना मला तुझी आठवण होते. मला त्या दिवशी सोडून पुढे निघून जाणं तुला किती सोपं होतं. कुणी तुला नावं ठेवली नसती.

आता खरं ते लिहिते. गेल्या आठवड्यात मी मासे तळत होते आणि नाईरा फोन घेऊन आली. म्हणाली, ‘जुसारा, हे दुखतं का गं?’ एका पार्लरची जाहिरात होती, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. गुरुवारची वेळही घेऊन झाली होती, तुमच्याकडे अल्तेरच्या किनाऱ्यावर मामेबहिणींबरोबर जायचंय म्हणून. मी गॅस बंद केला. विचारलं, ‘कुणी काही बोललं तुला?’ ‘नाही गं. मलाच आरशात दिसलं. बाकीच्या मुलींचं असं नसतं.’ ‘तू बघितलंस?’ ‘फोटोत.’ ‘असल्याच जाहिरातीतल्या?’ तेव्हा तिला हसू आलं. मग मी तिला माझं सगळं सांगितलं, केली, डबी, उकिडवं बसणं, सगळं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नील्झांकडे घेऊन गेले, आणि तिनेच पार्लरला फोन करून विचारलं, ‘तुम्ही लावता त्यात काय असतं?’ समोरची बाई म्हणाली, नैसर्गिक आहे. नाईराने वेळ रद्द केली. तुझी पोरगी एकोणीस वर्षांची आहे आणि तिने त्या टेबलावर पाय ठेवला नाही. हे तुझ्यामुळे झालं, एवढं मला तुला कळवायचं होतं. पण येताना बसमध्ये तिने मला विचारलं, ‘आईने तुला नुसतं चालण्यावरून कसं ओळखलं?’ मी म्हणाले, ‘ते आईला विचार.’ ती मग म्हणाली, ‘बाबांकडची आजी म्हणायची, तुझी आई दगड आहे, नवऱ्याला जवळ येऊ द्यायची नाही. म्हणून का गं...’   ताई, मी एका वाक्यात सांगू शकले असते, पण ते तुझं आहे, आणि तिला ते माझ्याकडून नको आहे. ती आल्या आल्या विचारणार नाही. दोन-तीन दिवस तुझ्या मागेमागे फिरेल आणि मग भांडी विसळताना एकदम विचारेल. तेव्हा पाणी बंद कर आणि सांग तिला. इतकी वर्षं ती समजतेय की तिची आई मायेला कमी पडली. तिला कळू दे की तुला दुखत होतं.

तुला माझ्या घरात, माझ्या मनात आणि आता माझ्या शब्दांतही जागा देणारी,
तुझीच कायमची ऋणी,
जुसारा